सजीव कोणास म्हणावे?

बालाघाटच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी अंबाजोगाई हे प्राचीन गाव वसले आहे. योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखान्याची लेणी आणि 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी यांमुळे हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे. मुलांनो, ह्या परिसरात फिरताना नदी, खडक, कडुलिंब, पाखरे अशा नाना गोष्टी दृष्टीस पडतात. त्यांतील सजीव कोणत्या व निर्जीव कोणत्या, हे ओळखणे सोपे वाटते; पण ते तितकेसे सोपे नाही.

जे हलते व वाढते ते सजीव, असे पुष्कळांस वाटते. मग पावसाळ्यात जयंतीचे पाणी वेगाने वाहते व वाढते. म्हणून ती सजीव म्हणावी काय? दिव्याची ज्योत हवेतील प्राणवायू घेते आणि एका ज्योतीपासून दुसरी ज्योत पेटते. तरी ती सजीव नव्हे. उलट, ज्वारीचा दाणा निश्चल असतो. पण तो सजीव आहे.

ह्या गोष्टीचे अज्ञान प्राणावर बेतू शकते. पूर्वी मराठवाड्यात ज्वारी जमिनीखालील पेवात साठवीत. दाणे मंद गतीने श्वसन करतात. त्यामुळे बंद पेवातील प्राणवायू कमी होतो व कार्बन डायऑक्साइड साचतो. अशा पेवात घाईने उतरणारा मनुष्य गुदमरून मरण पावे. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच मोकळे ठेवीत. निर्जीव भासणारा दाणा खरोखर श्वास घेत असतो!

तेव्हा एकाच लक्षणावर विसंबून चालत नाही. पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, चेतनाक्षमता व प्रजनन ही सजीवांची लक्षणे एकत्र पाहावी लागतात. शिवाय प्रत्येक सजीवाचे शरीर एका किंवा अनेक पेशींचे बनलेले असते. नदीत वा ज्योतीत स्वतःची अशी पेशी नसते.

सजीवांचे असंख्य प्रकार आहेत. त्यांचा अभ्यास सुलभ व्हावा म्हणून स्वीडनमधील शास्त्रज्ञ लिनियस याने १७३५ साली वनस्पती व प्राणी अशा दोन सृष्टी मानल्या. परंतु भूछत्र कोठे घालावे? ते जमिनीतून उगवते, पण हिरव्या पानांप्रमाणे सूर्यप्रकाशात अन्न तयार करीत नाही. अशा अडचणींमुळे १९६९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती व प्राणी अशा पाच सृष्टी मांडल्या. पुढे त्यांतही सुधारणा झाल्या.

मसाल्यातील दगडफूल तर याहूनही विलक्षण आहे. ते फूल नव्हे, आणि एकच जीवही नव्हे. त्यात कवक आसरा व ओलावा देते आणि शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे दाखविले, तेव्हा अनेक विद्वानांस ते पटले नाही.

वर्गीकरण हे केवळ नावे पाठ करण्यासाठी नसते. कवड्या व मण्यार हे दोन्ही साप गडद रंगाचे व पांढऱ्या पट्ट्यांचे असतात. कवड्या बिनविषारी, तर मण्यार अतिशय विषारी. मण्यारच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते. कवड्यास ती नसते. शास्त्रज्ञ अशा शरीररचनेवरून त्यांचे वर्ग ठरवितात. परंतु ही पारख जाणकारांनीच करावी. आपण साप धरू नये व मारूही नये. मण्यारचा दंश पुष्कळदा दुखत नाही. म्हणून कोणताही साप चावल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वरवरचे साम्य फसवे असते. बारकाईने पाहणे, तुलना करणे आणि मगच निर्णय घेणे, हीच विज्ञानाची रीत होय.

स्वाध्याय
१. ज्योत सजीव का नाही, ते सकारण सांगा.
२. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे धोक्याचे का असे?
३. आपल्या परिसरातील दहा सजीवांची यादी करून त्यांचे वर्ग लिहा.