जोडभाग आणि गुप्तता

भिंतींत नवी खिडकी पाडतांना उजेडाचा विचार आधीं सुचतो. बाहेरून आंत कोण पाहील हा मागाहून. सामुदायिक संकेतस्थळाचेंहि असेंच आहे. ‘वर्डप्रेस’ ही संगणकीय रचना २००३ सालीं निघाली, व २००४ सालीं तींत ‘प्लगइन’ म्हणजे मागाहून बसवावयाच्या जोडभागांची सोय झाली. मूळ रचनेस हात न लावतां नवें काम साधतें, हा या सोयीचा मोठा गुण. परंतु जोडभाग मूळ रचनेच्याच अधिकारानें चालतो; म्हणून साठविलेली सर्व माहिती तो वाचूं शकतो.

अभिप्राय लिहिणाराचें नांव सर्वांस दिसतें, ई-मेलचा पत्ता दिसत नाहीं. तथापि तो पत्ता व त्यासोबत आयपी क्रमांक, दोन्ही आंत साठविलीं जातात. ही माहिती काढून देण्याचीं व पुसण्याचीं साधनें २००८ नव्हे, तर २०१८ सालीं मूळ रचनेंत आलीं. मात्र प्रत्येक जोडभाग त्यांस जुळतोच असें नाहीं.

म्हणून तो बसविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे, असें आम्हांस वाटतें. तो कोणती माहिती घेतो? ती कोठें पाठवितो? त्यास काढल्यावर ती नाहींशी होते काय? शेवटच्याचें उत्तर पुष्कळदां ‘नाहीं’ असेंच येतें. ज्यानें विश्वासानें चार ओळी लिहिल्या, त्याच्या पत्त्याची राखण करणें हें आपलें कर्तव्य आहे.