काढलेली गाठ परत का येते?

“डॉक्टर, गाठ काढली होती ना? मग ही कुठून आली?” सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करून मला हे विचारणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा फसवलं गेल्याची भावना जास्त असते. तिचं चुकत नाही. ‘आता सगळं साफ झालं’ एवढंच तिला सांगितलेलं असतं.

ही गाठ असते चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिस या आजाराची अंडाशयातली गाठ. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी तिथे असतात, त्यांतून रक्त पाझरतं, साचून जुनं होतं आणि दाट, तपकिरी दिसतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनने ही गाठ निघते, आजार निघत नाही. सूक्ष्म पेशी मागे राहू शकतात आणि पाळी तर सुरूच असते. म्हणूनच दोन वर्षांत साधारण पाचांतल्या एकीला आणि पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना गाठ पुन्हा दिसते. गाठ नुसती फोडून आतला द्रव काढला असेल, तर ती परत येण्याची शक्यता आणखी वाढते. तुमच्या गाठीचं कवच सोलून काढलं होतं का, हे डिस्चार्ज कार्डावर जरूर बघा.

या आकड्यांनी घाबरू नका, कारण ते बरेच कमी करता येतात. लगेच मूल नको असेल, तर ऑपरेशननंतर बीज तयार होणं थांबवणारं औषध सुरू ठेवायचं: डायनोजेस्टची रोजची गोळी किंवा गर्भनिरोधक गोळी. तीन-सहा महिने घेऊन भागत नाही. किमान दीड-दोन वर्षं, आणि खरं तर मूल हवं वाटेपर्यंत. इथेच घोटाळा होतो. दुखणं थांबलं की गोळी बंद होते, किंवा घरातलं कुणी म्हणतं, “हार्मोन्स घेतलेस तर मूल होणार नाही.” तसं होत नाही. गोळी थांबवल्यावर बीज पुन्हा तयार होऊ लागतं. मधूनमधून डाग दिसले, मन उदास वाटलं, तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. अर्धशिशी असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा सिगारेट ओढत असाल, तर आधीच सांगा; गर्भनिरोधक गोळी सगळ्यांना चालत नाही. हार्मोनची तांबी दुखण्यावर चांगली, पण ती बीज तयार होणं बहुधा थांबवत नाही, म्हणून गाठीपासून संरक्षण तेवढं भरवशाचं नाही.

गाठ परत आलीच, तर लगेच टेबलावर झोपण्याची घाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती. गाठीचं कवच अंडाशयाला इतकं चिकटलेलं असतं, की ते सोलताना निरोगी बीजंही जातात. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये हे नुकसान आणखी वाढतं. लहान, न दुखणाऱ्या गाठीवर सोनोग्राफीने लक्ष ठेवता येतं. मूल हवं असेल, तर ऑपरेशनआधी बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी एएमएचची रक्ततपासणी करा आणि आयव्हीएफ किंवा बीजं गोठवून ठेवण्याबद्दल मोकळेपणी विचारा. “लग्न कर, मूल झालं की बरं होईल” हा उपचार नव्हे. त्या दडपणाखाली कुणी निर्णय घेऊ नये.

गाठ वेगाने वाढत असेल, सोनोग्राफीत तिच्यात घट्ट भाग दिसत असेल, किंवा पाळी गेल्यावर ती नव्याने आढळली असेल, तर मात्र थांबू नका. अचानक असह्य दुखलं, ताप आला, चक्कर येऊ लागली, तर त्याच रात्री दवाखान्यात जा, आणि जुन्या ऑपरेशनचे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या.