मीटर आणि मोबाइल

[रिक्षा आणि टॅक्सी यांतून आपण सगळेच प्रवास करतो. त्यांचे भाडे कोण ठरवतो? मोबाइलवर गाडी बोलावण्याची सोय झाल्यापासून चालकांच्या जीवनात काय बदल झाला? या प्रश्नांचा विचार या पाठात केला आहे.]

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल सुटली, की पुढचेच स्टेशन पळसदरी. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक खोपोलीला जातो. दुसरा बोरघाट चढून पुण्याकडे जातो. गाडीतून उतरलेली माणसे आपापल्या वाटेला लागतात. कोणी पायी निघते, तर कोणी रिक्षा शोधते.

"काका, येणार का?"

"येतो की! बसा."

"किती घ्याल?"

हा शेवटचा प्रश्न नवखा माणूसच विचारतो. रोज ये-जा करणाऱ्यांना शेअर रिक्षाचे भाडे तोंडपाठ असते. पण नवख्याने काय करावे? रात्रीची वेळ असेल, पाऊस कोसळत असेल, सोबत आजारी माणूस असेल, तर चालक मागेल तेवढे पैसे त्याला द्यावे लागतात. आता याच्या उलट पाहा. नाक्यावर दहा रिक्षा उभ्या आहेत आणि प्रवासी एकच आहे. मग प्रवासी भाव पाडून मागतो. चालकाचा इंधनाचा खर्चही निघत नाही. म्हणजे जो अडला, त्याचे नुकसान. आज प्रवासी अडतो, उद्या चालक अडतो.

यातून मार्ग काढण्यासाठी माणसाने दोन गोष्टी केल्या. एक यंत्र तयार केले आणि काही नियम केले. ते यंत्र म्हणजे मीटर.

'टॅक्सी' हा शब्दच मुळी 'टॅक्सीमीटर' या शब्दापासून आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत भाडे मोजणारे हे यंत्र तयार झाले. मुंबईत पूर्वी घोड्याच्या व्हिक्टोरिया गाड्या धावत. १९११ साली तेथे मोटार टॅक्सी आली. पुढे काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी ही मुंबईची ओळख बनली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही गाडी टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे धावली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला.

मीटरचा आकडा किती पुढे सरकावा, हे चालक ठरवत नाही आणि प्रवासीही ठरवत नाही. ते शासनाचे परिवहन प्राधिकरण ठरवते. त्यासाठी गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, विमा आणि चालकाचा घरखर्च या सर्वांचा हिशेब करावा लागतो. हा हिशेब कसा करावा, याविषयी २०१२ साली हकीम समितीने शिफारशी केल्या होत्या. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरसाठी टॅक्सीचे भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये, तर रिक्षाचे २३ रुपयांवरून २६ रुपये करण्यात आले. भाजीवाल्याच्या तराजूप्रमाणे मीटरचीही तपासणी होते. ते बरोबर चालत असेल तरच सरकारी अधिकारी त्यावर शिक्का मारतात.

केवळ मीटर बसवून भागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे भाड्याची गाडी चालवण्यासाठी परवाना लागतो. गाडीचा विमा आणि ती रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र लागते. चालकाने कारण नसताना भाडे नाकारले, तर तो गुन्हा ठरतो.

नियम असले तरी तक्रारी संपल्या नाहीत. "जवळचे भाडे म्हटले, की टॅक्सीवाला मान हलवतो," असे प्रवासी म्हणत. "तासन्‌तास रिकामे उभे राहावे लागते. लांब गेलो, तर परतीला प्रवासी मिळत नाही," असे चालक म्हणत. दोघांचेही म्हणणे खरे होते. गिऱ्हाईक एका गल्लीत आणि गाडी दुसऱ्या गल्लीत, अशी ही अडचण होती.

ही अडचण दूर केली ती मोबाइलने. २००७ साली मेरू कंपनीची टॅक्सी मुंबईत फोन करून बोलावता येऊ लागली. २०१० साली मुंबईत ओला कंपनी सुरू झाली. २०१३ साली अमेरिकेतील उबर कंपनीने बंगळूर येथे भारतातील काम सुरू केले. पुढल्या वर्षी ती मुंबईतही आली. या कंपन्यांचे ॲप मोबाइलमध्ये असले, की प्रवासी कोठे उभा आहे ते उपग्रहांच्या मदतीने समजते. जवळच्या चालकाला निरोप जातो. भाडे किती होईल ते आधीच दिसते. चालकाचे नाव आणि गाडीचा क्रमांक समजतो. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीच्या घरच्यांना गाडी कोठवर आली, ते घरबसल्या पाहता येते. ही सोय लहान नाही.

चालकांनाही सुरुवातीला फायदा झाला. कंपन्या ठरावीक फेऱ्या पूर्ण करणाऱ्यांना जादा रक्कम देत. ते पाहून अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. पुढे चालकांची संख्या वाढली आणि जादा रक्कम कमी झाली. कर्जाचे हप्ते मात्र तेवढेच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतील ॲप टॅक्सींच्या चालकांनी संप केला. त्यांची मुख्य मागणी भाड्याविषयीच होती.

असे का झाले? मीटर आणि ॲप यांच्यात एक मोठा फरक आहे. मीटर गाडीत, दोघांच्या डोळ्यांसमोर असते. त्याचा दर शासन जाहीर करते. ॲपचा हिशेब मात्र दूर कंपनीच्या संगणकात होतो. गर्दीच्या वेळी किंवा पावसात तो भाडे वाढवतो आणि गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा उतरवतो. कित्येकदा चालकाच्या भाड्यातून कंपनी आपला हिस्सा कापून घेते. प्रवाशाने किती दिले आणि आपल्या पदरात किती पडले, हे कोडे चालकाला सुटत नाही. गाडी त्याची, इंधन त्याचे, श्रम त्याचे. पण भाडे ठरवणारा तिसराच!

अशा वेळी कायद्याला पुढे यावे लागते. सुरुवातीला या कंपन्या म्हणत, "आम्ही टॅक्सी चालवत नाही. आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो." २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अशा कंपन्यांनाही शासनाचा परवाना घेणे आवश्यक ठरले. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ॲप टॅक्सींसाठी धोरण जाहीर केले. गर्दीच्या वेळीही भाडे मूळ भाड्याच्या दीडपटीहून अधिक घेऊ नये आणि भाड्यातील किमान ८० टक्के रक्कम चालकाला मिळावी, असे त्यात म्हटले आहे.

एक उदाहरण घेऊ. एका फेरीचे मूळ भाडे २०० रुपये आहे. गर्दीच्या वेळी ते फार तर ३०० रुपये होईल. त्यांपैकी किमान २४० रुपये चालकाला मिळाले पाहिजेत. कंपनीचा वाटा ६० रुपयांहून अधिक असता कामा नये. हे गणित तुम्हीही करू शकता. ज्याला हे गणित येते, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही.

नियम कागदावर आला, की लगेच रस्त्यावर येतो असे नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर ॲप टॅक्सींचे चालक पुन्हा एकत्र आले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके तरी भाडे आम्हांला मिळावे, अशी त्यांची मागणी होती. हा प्रश्न केवळ आपल्याच देशात नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या चालकांना कामगारांचे हक्क आहेत, असा निकाल दिला. त्यामुळे त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा यांचा हक्क मिळाला. बंगळूर येथे रिक्षाचालकांच्या संघटनेच्या सहकार्याने २०२२ साली 'नम्म यात्री' नावाचे ॲप सुरू झाले. तेथे भाड्यातून टक्केवारी कापण्याऐवजी चालकाकडून ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत आली. यंत्र तेच, पण अटी वेगळ्या.

आता पुन्हा आपल्या कर्जत तालुक्यात येऊ. माथेरानचा डोंगर तुम्हांला ठाऊक आहे. तेथे मोटारींना बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरानचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. टॅक्सी नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. त्यापुढे पूर्वी लोक पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षाने जात. हातरिक्षा म्हणजे माणसाने ओढायची गाडी. चढउताराच्या लाल मातीच्या रस्त्यावर माणूस माणसांना ओढून नेई. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षा प्रयोग म्हणून सुरू झाल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे न्यायालयाचे मत होते. ई-रिक्षा खऱ्या हातरिक्षाचालकांना भाडेतत्त्वावर मिळाव्यात, अशी योजना शासनाने करावी आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले.

या आदेशातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नवे यंत्र आले म्हणून जुन्या कष्टकऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये. ज्याने आजवर गाडी ओढली, त्याच्याच हाती नव्या गाडीची किल्ली द्यावी. यंत्र वाईट नसते आणि आपोआप चांगलेही नसते. त्याचे नियम कोण करतो आणि त्याचा लाभ कोणाला होतो, यावर सारे अवलंबून असते.

मीटर असो की मोबाइल, गाडी चालवतो तो माणूसच. प्रवाशाला योग्य भाड्यात सुखरूप पोहोचण्याचा हक्क आहे. चालकाला आपल्या कष्टाचे पुरेसे मोल मिळवण्याचा हक्क आहे. या दोन्ही हक्कांची काळजी घेतो तोच चांगला नियम होय. असे नियम समजून घेणे, ते पाळणे आणि ते मोडले जात असतील तर योग्य ठिकाणी तक्रार करणे, हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे.

शब्दार्थ

नवखा – नवीन, अनोळखी
शिफारस – सुचवलेली गोष्ट
गिऱ्हाईक – ग्राहक
धोरण – काम कसे करावे याविषयी ठरवलेली दिशा
सबब – कारण, निमित्त
प्रतिष्ठा – मान, इज्जत

वाक्प्रचार

तोंडपाठ असणे – पूर्णपणे लक्षात असणे
पदरात पडणे – मिळणे
पोटावर पाय येणे – कमाईचे साधन जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पळसदरी येथे लोहमार्गाचे दोन फाटे कोणकोणत्या दिशांना जातात?
(आ) 'टॅक्सी' हा शब्द कोणत्या शब्दापासून आला?
(इ) माथेरानमध्ये टॅक्सी कोठपर्यंत येते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मीटरचे भाडे ठरवताना कोणकोणत्या खर्चांचा विचार होतो?
(आ) मीटर आणि ॲप यांच्यात कोणता मोठा फरक आहे?
(इ) माथेरानच्या हातरिक्षांविषयी सर्वोच्च न्यायालयाने काय सांगितले?

प्र. ३. एका फेरीचे मूळ भाडे १६० रुपये आहे. २०२५ च्या धोरणाप्रमाणे गर्दीच्या वेळी ते जास्तीत जास्त किती होईल? त्यातील किमान किती रक्कम चालकाला मिळेल?

प्र. ४. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) चालक प्रवाशाला भाडे सांगतो. (भूतकाळ करा.)
(आ) शासन नवा दर जाहीर करते. (भविष्यकाळ करा.)

भाषाभ्यास
'मालक', 'नुकसान', 'हक्क' हे शब्द उर्दूतही आहेत आणि त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत बहुतेक सारखाच आहे. काही शब्दांचे अर्थ मात्र बदलतात. उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद किंवा पुन्हा पुन्हा बोलणे. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत 'सिक्का' म्हणजे नाणे. मराठीत 'शिक्का' म्हणजे ठसा. उर्दूत 'परवाना' म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंगही होतो. मराठीत त्याचा अर्थ परवानगीचा कागद एवढाच. असे आणखी तीन शब्द शोधून लिहा.

उपक्रम
आपल्या गावातील एखाद्या रिक्षाचालक काकांना भेटा. दिवसभरात इंधन, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता यांवर त्यांचा किती खर्च होतो, ते नम्रपणे विचारा. मिळालेल्या माहितीवरून दहा ओळी लिहा.