वहीचा आणि पासबुकाचा मेळ

बोरी अरबच्या एका महिला बचत गटाचे उदाहरण घेऊ. हा गट आम्ही धड्यापुरता कल्पिला आहे. गटातल्या बाया मिरची, हळद दळून बाजारात विकतात. बँकेत गटाचे खाते आहे. असे गट बँकांना जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केले.

मार्चअखेर वहीत बँकेची शिल्लक १८,६४० रुपये निघाली. पासबुक भरून आणले, तर त्यात १७,१२४. म्हणजे १,५१६ रुपये कमी! बैठकीत कुजबुज सुरू झाली. "पैसे कुठी गेले वं बाई?" साऱ्यांच्या नजरा वही लिहिणारीकडे वळल्या.

आम्ही म्हणतो, जरा थांबा. आकडा जुळला नाही म्हणजे चोरी झाली, असे नव्हे. वही आपण लिहितो, पासबुक बँक लिहिते. दोघांना एकच गोष्ट एकाच दिवशी कळते असे नाही.

एकीने वहीतली रक्कम वाचावी, दुसरीने ती पासबुकात शोधावी. सापडली की दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करावी. बिनखुणेचे जे उरेल, त्यातच फरक लपलेला असतो. साऱ्या बेरजा पुन्हा करीत बसू नये.

इथे काय उरले पाहा. दारव्ह्याच्या दुकानदाराचा ३,२०० रुपयांचा चेक ३१ मार्चला संध्याकाळी बँकेत टाकला होता. वहीत तो त्याच दिवशी जमा केला, पण बँकेत अजून वटायचा होता. मिरचीवाल्याला १,५०० रुपयांचा चेक दिला होता, तो त्याने बँकेत टाकलाच नव्हता. या दोन्ही ठिकाणी चूक कोणाचीच नाही. वहीला हात लावू नये. पासबुकाच्या १७,१२४ मध्ये ३,२०० मिळवा, १,५०० वजा करा. आले १८,८२४.

आता वही. बँकेने ११८ रुपये खर्च कापला आणि २१२ रुपये व्याज दिले. हे पासबुकात आहे, वहीत नाही. तेव्हा वहीत लिहा. १८,६४० मधून ११८ गेले, २१२ आले. झाले १८,७३४.

तरी ९० चा फरक उरलाच! इथे एक जुनी युक्ती कामी येते. उरलेल्या फरकाला नवाने नि:शेष भाग गेला, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. पुन्हा पाहिले. बँकेत ५४० रुपये भरले होते, वहीत पडले होते ४५०. पासबुकात ४५० ला जोडी नव्हती, म्हणून तिथे खूणही नव्हती. घाईत ती नजरेतून सुटली होती, इतकेच. ९० मिळवले, वही १८,८२४ वर आली. मेळ बसला. एक पैसाही कुठे गेला नव्हता.

चुकीचा आकडा गिरवू नये, खोडरबरही लावू नये. त्यावर एक रेघ मारावी, जुना आकडा वाचता यावा, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करावी. पासबुकात आपण न केलेला व्यवहार दिसला, तर मात्र वहीत उपाय शोधू नये. त्याच दिवशी बँकेत जाऊन लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

मिरचीवाल्याचा तो चेक तारखेपासून तीन महिने चालतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. तोवर ते १,५०० रुपये पासबुकात आपलेच दिसतील, पण ते खर्चू नयेत. खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला आणि नोटीस येऊनही पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर कायद्याने तो गुन्हा आहे.