गुळवेलीची ओळख आणि औषधालयाची नोंदवही

सन २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून या रुग्णांनी गुळवेलीचे सेवन केले होते व त्यानंतर त्यांच्यात यकृतदाह आढळला. पुढील वर्षी १३ केंद्रांनी एकत्रितपणे अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. आयुष मंत्रालयाने पहिल्या वृत्तान्तावर आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती याची खातरजमा झालेली नाही. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये, गुडूची सुरक्षित आहे, मात्र तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक ठरू शकते, असा खुलासाही मंत्रालयाने केला.

आपल्या व्यावसायिक वर्तुळात या खुलाशाने पुष्कळांचे समाधान झाले. आमचे मात्र पूर्ण झाले नाही. वनस्पतीची ओळख पटली नव्हती हा आक्षेप रास्त आहे. परंतु तोच प्रश्न उद्या आपल्याला कोणी विचारला, तर आपण काय दाखवणार?

प्रथम ओळखीचा विचार करू. आपली गुडूची म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचे ताजे कांड हिरवट असते, त्यावर ठळक गाठी नसतात, तोडल्यास दुधासारखा स्राव येत नाही. फुलास सहा पाकळ्या असतात. फळे गोल, लाल व झुबक्यात एक ते तीन. क्रिस्पाचे कांड करडे, चामखिळीसारख्या गाठींनी भरलेले असते, त्यातून दुधाळ स्राव येतो; पाकळ्या तीन, फळे लांबट, नारिंगी व झुबक्यात दहा-बारा. याशिवाय पद्मगुडूची ही पानांवर लव असलेली तिसरी प्रजाती आपल्याच देशात आहे. गुडूचीस 'चक्रलक्षणा' म्हणतात ते कांडाच्या आडव्या छेदातील चाकाच्या आऱ्यांसारख्या रचनेमुळे. पण ही रचना या कुळातील इतर वेलींतही दिसते, त्यामुळे केवळ चक्र पाहून निश्चिंत होता येत नाही. जुन्या गुडूचीच्या सालीवरही बारीक उंचवटे येतात, हेही ध्यानात ठेवावे.

ही लक्षणे वेलीपाशी उभे राहून पाहावयाची आहेत. औषधालयात येतो तो वाळलेला, तुकडे केलेला माल. त्यात ना फूल, ना फळ, ना स्राव. भरड किंवा चूर्ण आले तर सालही दिसत नाही. तेथे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण आणि टीएलसी यांवाचून गत्यंतर नाही. गुराखी व मेंढपाळ यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात, योजना वैद्यास ठाऊक हवी, असा चरकाचार्यांच्या विवेचनाचा आशय आहे. आज आपली स्थिती नेमकी उलटी झाली आहे. योजना आपणांस पाठ आहे, रूप मात्र व्यापाऱ्याच्या भरवशावर सोडले आहे.

नामसाधर्म्याची किंमत किती मोठी असू शकते, हे बेल्जियममध्ये दिसून आले. तेथील एका उपचारकेंद्रात वजन कमी करण्यासाठी 'फांग जी' ही चिनी वनस्पती दिली जात होती. स्टेफानिया वंशातील अभिप्रेत द्रव्याऐवजी त्याच नावाने ओळखली जाणारी ॲरिस्टोलोकिया वंशातील वनस्पती आली. सन १९९३ मध्ये वृक्कनाशाचे पहिले वृत्त प्रसिद्ध झाले. पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली. नाव एक, द्रव्ये दोन. आपल्या संदिग्ध द्रव्यांच्या यादीत अशी कितीतरी नावे आहेत. शिवाय आपली ईश्वरी ही त्याच ॲरिस्टोलोकिया वंशातील आहे.

तरीही सारा दोष ओळखीवर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपरोक्त ४३ रुग्णांत सेवनारंभापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यम काळ ४६ दिवस होता. अनेकांना आधीपासून यकृतविकार होता व स्वयंप्रतिकारजन्य विकाराच्या खुणा आढळल्या. द्रव्य शुद्ध असले तरी प्रकृती, मात्रा व काल न पाहता, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन्महिने घेतलेला काढा हा आयुर्वेदीय उपचार नव्हे, असे आपण म्हणतो. मग काउंटरवर तोच काढा मागितला गेला असता आपण किती वेळा 'यकृताचा त्रास आहे काय' असे विचारले?

कायद्याची बाजू थोडक्यात. सन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये उत्पादकास परवाना लागतो. नियम १६१ नुसार वेष्टनावर घटकद्रव्ये व बॅच क्रमांक द्यावा लागतो. अनुसूची 'टी'नुसार कच्च्या मालाच्या तपासणीची नोंद ठेवावी लागते. परंतु आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवान्याची अट नाही, आणि स्वतःच्या रुग्णांपुरते औषध तयार करणाऱ्या वैद्यासही उत्पादन परवान्यातून सूट आहे. या सवलती आपल्याला मोलाच्या वाटतात व त्या आहेतही. मात्र जेथे निरीक्षक येत नाही, तेथे कागदही राहत नाही.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. एका रुग्णाच्या यकृत तपासणीचे आकडे वाढले तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी आमच्याकडे विचारणा केली. आम्ही दिलेले गुडूची चूर्ण कोणत्या मालाचे होते, हे आम्हांस सांगता आले नाही. बिलावर 'गुळवेल' एवढाच शब्द होता. त्या पोत्यातील माल संपला होता, नमुना राखलेला नव्हता. रुग्ण औषध थांबवल्यावर सुधारला. कारण गुडूची होती की अन्य काही, ते मात्र कायमचे अनिर्णित राहिले. आमचे द्रव्य निर्दोष असते तरी ते सिद्ध करण्यास आमच्याजवळ काहीही नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक मालाबरोबर वनस्पतिशास्त्रीय नाव लिहिलेले बिल आम्ही मागून घेतो. चुरा न घेता अखंड कांडाचे तुकडे घेतो. प्रत्येक मालाचा मूठभर नमुना तारीख घालून बरणीत ठेवतो. तो माल संपल्यावरही वर्षभर टाकत नाही. रुग्णपत्रिकेवर मालाचा क्रमांक येतो. पहिल्या आठवड्यात मदतनीस कुरकुरले, नंतर सवय झाली.

संशयित दुष्परिणाम कळवण्याची व्यवस्थाही उपलब्ध आहे. राष्ट्रीय औषधसतर्कता कार्यक्रमाचे समन्वयन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे असून अनेक आयुर्वेद महाविद्यालयांत त्याची परिघीय केंद्रे आहेत. कार्यकारणभाव सिद्ध झाल्यावाचून कळवू नये असा गैरसमज आहे. संशय पुरेसा असतो. अर्जात रुग्णाचे वय, औषधाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक, मात्रा, सेवनाचा आरंभ व शेवट, सोबत घेतलेली अन्य औषधे आणि लक्षणांचा दिनांक भरावा. त्यांपैकी बॅच क्रमांकाचा रकाना आमच्या पहिल्या अर्जात कोरा गेला.