सभागृहातील अडवणूक : सुधारावी की संपवावी?

बी. ए. भाग २ (राज्यशास्त्र)

गेल्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयात अभिरूप विधानसभा भरली होती. मी विरोधी बाकावर होतो. पहिला तास प्रश्नोत्तरांचा होता आणि यादीतील तिसरा प्रश्न माझा होता : काटोल-नरखेड भागातील संत्र्याच्या फळगळीबाबत शासन काय करीत आहे? या प्रश्नासाठी मी आठ दिवस तयारी केली होती. आंबिया बहार आणि मृग बहार यांची माहिती वडिलांकडून लिहून घेतली होती, डिंक्या आणि कोळशी या रोगांची टिपणे काढली होती.

प्रत्यक्षात काय झाले? पहिल्याच प्रश्नावर सत्ताधारी बाकावरून एकाने टोमणा मारला. आम्ही उठून उभे राहिलो. घोषणा सुरू झाल्या. थोड्याच वेळात आम्ही अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलो. अध्यक्षांनी दोनदा कामकाज तहकूब केले. तिसऱ्यांदा सभागृह भरले तेव्हा प्रश्नोत्तरांचा तास संपला होता. प्रेक्षकांच्या टाळ्या मात्र आम्हालाच मिळाल्या.

संध्याकाळी मी हा पराक्रम घरी मोठ्या अभिमानाने सांगितला. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सारं ठीक आहे, पन आपल्या संत्र्याचं काय झालं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी जे वाचले आणि त्यावर जो विचार केला, तो येथे मांडत आहे.

फिलिबस्टर म्हणजे काय?

राज्यशास्त्राच्या पुस्तकांत 'फिलिबस्टर' हा शब्द भेटतो. समुद्रावर लूट करणाऱ्या चाच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून तो आला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सदस्याच्या भाषणाला वेळेची मर्यादा नसे. त्यामुळे नको असलेले विधेयक मताला येऊ नये म्हणून सदस्य तासन्‌तास बोलत राहत. १९५७ साली स्ट्रॉम थर्मंड हे सिनेटर काळ्या नागरिकांच्या हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटे बोलले. १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाला तर कामकाजाचे ६० दिवस अशीच अडवणूक सोसावी लागली. भाषणे थांबविण्यासाठी १९१७ साली दोन-तृतीयांश मतांचा नियम झाला. १९७५ मध्ये ही अट तीन-पंचमांशांवर, म्हणजे १०० पैकी ६० मतांवर आली. ही प्रथा सुधारावी की संपवावी, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही.

इंग्लंडमध्ये हे शस्त्र आयर्लंडच्या सदस्यांनी उचलले होते. पार्नेल यांच्या नेतृत्वाखाली १८८१ साली त्यांनी कॉमन्स सभागृहाची एक बैठक साडेएक्केचाळीस तास चालविली. शेवटी सभापतींनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबविली आणि पुढच्याच वर्षी चर्चाबंदीचा नियम झाला.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट ध्यानात येते. आयरिश सदस्य दडपलेल्या देशाचे प्रतिनिधी होते, तर थर्मंड दडपणाऱ्यांच्या बाजूने उभे होते. शस्त्र एकच होते. म्हणून अडवणूक ही नेहमीच दुर्बलांची ढाल असते, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या संसदेत आणि विधानसभेत कोणालाही २४ तास बोलता येत नाही. भाषणाची वेळ ठरलेली असते. 'आता मत घ्या' असा चर्चाबंदीचा प्रस्ताव साध्या बहुमताने मंजूर होतो. अर्थसंकल्पी मागण्यांची मुदत संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. याला 'गिलोटिन' असे भयंकर नाव आहे. म्हणजे बोलून अडविण्याची वाट बंद आहे, म्हणून आपल्याकडे न बोलू देऊन अडविले जाते. घोषणा, फलक, कागद फाडणे, अध्यक्षांच्या आसनापुढे धाव घेणे आणि शेवटी तहकुबी हा आपला फिलिबस्टर आहे. अमेरिकेतला सदस्य निदान स्वतः बोलत उभा तरी राहत असे. आपल्याकडे कोणाचेच बोलणे ऐकू येत नाही.

२९ डिसेंबर २०११ ची रात्र याला थोडी वेगळी ठरली. राज्यसभेत लोकपाल विधेयकावर चर्चा चालू होती. विधेयकाला ढिगाने दुरुस्त्या आल्या होत्या. गोंधळात एका सदस्याने विधेयकाची प्रत फाडली, मध्यरात्र झाली आणि मतदान न होताच सभागृह संस्थगित झाले. वेळ संपू देण्यात सरकारचाच फायदा होता, असा आरोप तेव्हा विरोधकांनी केला. ज्या लोकपालासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी उपोषणे केली, ते विधेयक संसदेत संमत व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला.

नागपूरचा १९२४ चा धडा

अडवणुकीचा एक मोठा प्रयोग आपल्या नागपुरातच होऊन गेला, हे वाचून मला आश्चर्य वाटले. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, शेती अशी काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे, तर महसूल आणि पोलीस यांसारखी मोक्याची खाती गव्हर्नरच्या हाताखाली राहिली. हे स्वराज्य नव्हे, देखावा आहे, तो आत शिरून मोडावा, या विचाराने चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. डॉ. बा. शि. मुंजे हे तेथील प्रमुख पुढाऱ्यांपैकी एक होते.

१९२४ च्या आरंभी या सदस्यांनी मंत्र्यांवर अविश्वास व्यक्त केला आणि अर्थसंकल्पाच्या मागण्या फेटाळल्या. मंत्र्यांचा पगार त्यांनी वर्षाला २ रुपये ठरविला! द्विदल पद्धतीचे सोंग अशा रीतीने उघडे पडले. आज वाचतानाही या धाडसाचे कौतुक वाटते.

पण पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. मंत्री गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या, परंतु सत्ता रिकामी राहिली नाही. मंत्र्यांची खाती गव्हर्नरने स्वतःच्या हातात घेतली आणि राज्यकारभार चालू राहिला. १९२५ च्या ऑक्टोबरात कौन्सिलचे अध्यक्ष असलेले स्वराज्य पक्षाचे अमरावतीचे श्री. बा. तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. पक्षात मोठे वादळ झाले. केवळ अडवणूक करीत बसायचे, की जेथे लोकांचे हित साधेल तेथे सहकार्य आणि अन्यत्र विरोध करायचा, असा प्रश्न उभा राहिला. डॉ. मुंजे, न. चिं. केळकर, बॅ. जयकर, लोकनायक अणे अशी मंडळी दुसऱ्या मार्गाकडे वळली. यालाच 'प्रतियोगी सहकारिता' म्हणतात.

येथे कोण बरोबर होते हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. मला दिसतो तो फरक एवढाच. १९२४ मध्ये सदस्यांना सरकार बदलता येत नव्हते. म्हणून यंत्र बंद पाडणे हीच त्यांची भाषा होती. आज सरकार आपल्या मतांनी येते आणि आपल्या मतांनी जाते. यंत्र आपले आहे. आपलेच यंत्र रोज बंद पाडले तर नुकसान कोणाचे?

स्वराज्यातील अडवणूक

१९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला गेला, की वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरेल. म्हणून हिवाळी अधिवेशनाला आपल्याकडे सणासारखे महत्त्व आहे. एस.टी. भरभरून माणसे मोर्च्याला जातात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अशाच अधिवेशनाच्या काळात गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. आपला प्रश्न सभागृहात बोलला जावा, एवढ्या एका आशेने माणसे घरून निघतात. दारावर माणसे उभी असताना आत तहकुबी होणे ही साधी गोष्ट नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मार्च २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी विरोधकांनी अर्थसंकल्प मांडताना गोंधळ केला, म्हणून काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित करण्यात आले. काही आठवड्यांतच ते निलंबन मागे घ्यावे लागले. जूनमध्ये शेतकरी संपावर गेले आणि त्याच महिन्यात ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर झाली. गोंधळ झाला नसता तर प्रश्नाकडे कोणी पाहिले असते का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न खोटा नाही.

पुढे सत्ता बदलली. ५ जुलै २०२१ रोजी भाजपच्या १२ आमदारांना गैरवर्तनाच्या कारणावरून एक वर्षासाठी निलंबित केले गेले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापलीकडचे हे निलंबन घटनाबाह्य ठरविले. आमदार बाहेर राहिला की त्याचा मतदारसंघच प्रतिनिधीविना राहतो, ही गोष्ट न्यायालयाने महत्त्वाची मानली. चार वर्षांत ओरडणारे आणि हाकलणारे यांनी जागा बदलल्या, खेळ तोच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ खासदार निलंबित झाले आणि फौजदारी कायद्यांची तीन महत्त्वाची विधेयके त्याच अधिवेशनात, विरोधी बाक बरेचसे रिकामे असताना, संमत झाली.

मग करावे काय?

अडवणूक संपवावी म्हणणाऱ्यांचा उपाय निलंबनाचा आहे. त्याने सभागृह शांत होते, पण ती शांतता प्रश्न विचारणारा बाहेर गेल्याची असते. राहू द्यावी म्हणणारे तिला लोकशाहीचे शस्त्र मानतात. परंतु गोंधळात सरकारचे काम क्वचितच अडते. विधेयके आवाजी मतदानाने मिनिटांत निघून जातात. अडतो तो प्रश्नोत्तरांचा तास, अडते ती लक्षवेधी सूचना. मंत्र्याला घाम फोडणारी हत्यारे नेमकी हीच आहेत. म्हणजे विरोधक ओरडतात आणि सुटका मंत्र्याची होते! माझ्या फजितीचा अर्थ मला येथे कळला. त्या दिवशी कृषिमंत्री झालेल्या माझ्या मित्राने कसलीच तयारी केली नव्हती. आमच्या घोषणांनी त्यालाच वाचविले.

म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे अडवणूक संपवू नये, तिला सुधारावे. विरोधकांचा वेळ अडविण्याचा हक्क काढून घ्यायचा असेल, तर त्याच्या बदल्यात त्यांना वेळ वापरण्याचा हक्क दिला पाहिजे.

पहिली गोष्ट, इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात प्रत्येक सत्रात २० दिवस विरोधी पक्षांसाठी राखून ठेवलेले असतात. त्या दिवशी विषय तेच ठरवितात. आपल्या विधानसभेत अंतिम आठवडा प्रस्तावाची चांगली प्रथा आहे. परंतु एका प्रस्तावावर भागणार नाही. नागपूरच्या अधिवेशनात निदान प्रत्येक आठवड्यातला एक दिवस तरी असा असावा.

दुसरी गोष्ट, ठराविक संख्येने सदस्यांनी सह्या केल्या तर स्थगन प्रस्तावावर चर्चा झालीच पाहिजे, असा नियम असावा. चर्चेचे दार उघडे असेल तर ते तोडण्याचे कारण उरत नाही.

तिसरी गोष्ट, बुडालेला प्रश्नोत्तरांचा तास त्याच दिवशी सायंकाळी भरून काढावा. छापील उत्तर मिळते हे खरे, पण छापील उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही, आणि खरी गोष्ट बाहेर येते ती उपप्रश्नातूनच.

एवढे करूनही जो गोंधळ करील त्याला त्या दिवसापुरते बाहेर काढावे. त्याला वर्षभर बाहेर ठेवून त्याच्या मतदारांना शिक्षा करू नये.

यावर कोणी म्हणेल, नियमांनी माणसे सुधारत नाहीत. खरे आहे. पण सांगोल्याहून अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांसारख्या माणसांनी विरोधी बाकावरूनच अभ्यासपूर्ण बोलण्याची कीर्ती मिळविली, तीही याच सभागृहात. बोलणाऱ्याला वेळ मिळेल अशी व्यवस्था असली, तर बोलण्याची तयारी करणारेही तयार होतील.

यंदाची अभिरूप विधानसभा जवळ आली आहे. माझी प्राध्यापकांना आणि दोन्ही बाकांवरच्या मित्रांना विनंती आहे, की या वेळी वरील तीन नियम आपण आपल्यापुरते लावून पाहावे. मी संत्र्याचा तोच प्रश्न पुन्हा देणार आहे. कृषिमंत्री कोणीही होवो, त्याने तयारी करून यावे. आणि मलाही, त्या संध्याकाळी घरी गेल्यावर, वडिलांना सांगायला काहीतरी उत्तर मिळावे.