रक्तातील प्रथिन : औषधाचे वाहन

औषध कितीही गुणकारी असले, तरी ते योग्य प्रमाणात योग्य ठिकाणी पोहोचणे तितकेच महत्त्वाचे असते. नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. त्यांना देण्यात येणाऱ्या अनेक औषधांची वाहतूक रक्तातील एक प्रथिन करीत असते. ते म्हणजे अल्ब्युमिन होय.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. निरोगी प्रौढाच्या एक लिटर रक्तद्रवात ते साधारणतः ३५ ते ५० ग्रॅम असते. पाण्यात सहजी न विरघळणारे पदार्थ ते आपल्याशी बांधून घेते. बांधलेले औषध मालगाडीतील मालासारखे निष्क्रिय असते; सुटे झालेले औषधच कार्य करते.

या गुणधर्माचा उपयोग आता हेतुपुरस्सर करण्यात येतो. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून केलेल्या द्रावकातून ते दिल्यास काही रुग्णांस तीव्र अ‍ॅलर्जी होते. म्हणून आधी स्टेरॉइड द्यावे लागते. अल्ब्युमिनच्या अतिसूक्ष्म कणांत बांधलेल्या याच औषधास स्तनांच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. ते सुमारे अर्ध्या तासात शिरेवाटे देता येते व त्यात हे द्रावक नसते. तथापि पांढऱ्या पेशी घटणे, हातापायांस मुंग्या येणे हे दुष्परिणाम टळत नाहीत. या कणांसाठी लागणारे अल्ब्युमिन मानवी रक्तद्रवातूनच मिळवितात.

मधुमेहावरील सेमाग्लुटाइड या औषधास मेदाम्लाची साखळी जोडलेली असते. तिच्या योगे ते अल्ब्युमिनला धरून राहते. त्यामुळे त्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदाच पुरते.

परंतु वाहनच अपुरे पडले तर? कुपोषण, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार यांत अल्ब्युमिन घटते. अपस्मारावरील फेनिटॉइन सुमारे ९० टक्के प्रथिनांशी बांधलेले असते. अल्ब्युमिन कमी असता सुट्या औषधाचा अंश वाढतो. अशा वेळी रक्तातील एकूण पातळी योग्य दिसूनही रुग्णास झापड येणे, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे होऊ शकतात.

म्हणूनच गडचिरोली वा मेळघाटातून येणाऱ्या कृश रुग्णाच्या बाबतीत अल्ब्युमिनची साधी तपासणीही मोलाची ठरते. रुग्णांनी आपले जुने विकार डॉक्टरांस सांगावेत आणि औषधाची मात्रा स्वतःहून बदलू नये, हेच हितावह होय.